आईचा जवळा आणि शिशाची डबी

...आणि वर मलाच विचारते, "तुज्या डॉक्टरनं कधी जवळा खाल्लाय काय रं?" आमच्या आईचं हे असंच. पेणच्या खाडीकाठी जन्म गेला, मिठागरात कंबर मोडली, पण ऐकायचं म्हणून कुणाचं नाही.

तिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ ऑपरेशन करून काढली. आत काही उरलं असेल तर ते मारायला आयोडीनचा डोस द्यायचा होता. साधं नाही, अणुभट्टीत बनलेलं, किरणं सोडणारं आयोडीन. मंगळवारी दादा तिला मुंबईला घेऊन गेला आणि तसाच परत घेऊन आला... का, तर बाईसाहेबांनी पंधरा दिवस रोज जवळा, ती समुद्रातली बारीक सुकी कोळंबी, हाणला होता!

मी आठवीतनं पळालेला माणूस. पण इथे हैदराबादला हॉस्पिटलात हेच काम करतो, औषधाच्या शिशाच्या जड डब्या ट्रॉलीवरून वॉर्डात न्यायच्या. आमच्या टेक्निशियनने एकदा समजावलेलं... आयोडीन भट्टीतून येवो नाहीतर समुद्रातून, गळ्याला फरक कळत नाही. दोन्ही सारखंच ओढून घेतो. म्हणून आधी त्याला उपाशी ठेवायचं. जवळ्यानं पोट भरलेलं असलं तर औषध घेणार कुठे? आणि ते औषध ठेवूनही देता येत नाही, आठ दिवसांत जोर निम्मा.

फोनवर खूप तोंड सोडलं. ती शांतपणे बोलली, "तू काय सांगितलास? पिशवीचं मीठ खाव नको. मी नाय खाल्लं. जवळा काय पिशवीतनं येतो?"

खरंच तेवढंच, आयोडीन घातलेल्या पिशवीतल्या मिठाचंच बोललो होतो, ड्युटीवर घाईत. दुसऱ्यांच्या आयांना मासळी, अंडी, दूध, सगळं दोन-दोनदा सांगतो मी...

आणि तिचं तरी काय चुकलं? पावसाळ्यात मिठागर बंद, हाताला काम नाही. तेव्हा मडक्यातला सुका जवळाच आमचं कालवण. कांदा घालून परतला की शेजारी कळायचं, यांच्याकडे चूल पेटली. आम्ही त्याला मासळीत कधी धरलंच नाही. त्या वासासाठी आज इथे जीव तुटतो...

आता नवी तारीख मिळालीय. मडकं तिनं स्वतः शेजारच्या काकीकडे नेऊन ठेवलं. वर दम दिला, "भरलेला देतंय गो, भरलेलाच परत दे!"

डोसनंतर काही दिवस तिनं कुणाला चिकटून बसायचं नाही, लहान पोरांजवळ तर नाहीच. म्हणजे एसटी नको, रेल्वे नको. मला सुट्टी मिळत नाही... म्हणून दादाला निरोप धाडला: दादा, तू गाडी कर. तू ड्रायव्हरशेजारी बस, आई मागे खिडकीशी एकटी बसेल.

साडेचार हजार पाठवतोय.