आबांच्या गाडीची थरथर

माझे वडील, आबा, यांच्याकडे धुळ्याला एक जुनी विलायती मोटार होती. तरुणपणी हौसेने घेतलेली. आतलं लाकूडकाम अजून चकाकायचं, पण इंजिन सुरू केलं की दारं, काचा, बसणाऱ्याचे दात, सगळंच थरथरायचं. कंबर धरायला लागल्यावर आबांनी तिच्यात बसणं सोडलं.

मी जळगावला रबरी सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. धाकट्या भावाचा फोन आला, "अक्का, ही थरथर तूच घालवशील. आबांना एकदा तिच्यातून गावी, शिंदखेड्याला नेऊ."

मग मी दर रविवारी एसटीने धुळ्याला जाऊ लागले. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं, ते दगडासारखे झाले होते. नवे बनवून नेले. रबर कडक निघालं की थरथर थेट पत्र्यात उतरायची, मऊ निघालं की क्लच सोडताच इंजिन उसळायचं. बऱ्याच खटपटीनंतर जमलं. खिळखिळ्या काचांना नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या लावल्या. भाऊ गाडीखाली, मी वर. लहानपणानंतर आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो.

शिंदखेड्याच्या वाटेवर आबांनी विचारलं, "गाडी चालू शे का बंद?" मी हसत सुटले. आबा मात्र बाहेर बघत राहिले.

पुढच्या रविवारी गाडीजवळ एक अनोळखी गृहस्थ उभे होते. बॉनेटवर हात ठेवून ते भावाला म्हणाले, "शब्द पाळलात. आता नवरदेवाला बसवायला हरकत नाही."

लग्नांना गाड्या भाड्याने देणारे होते ते.

"थरथर गेली तरच गाडी विकत घेणार, त्यांची तेवढीच अट होती, अक्का," भाऊ म्हणाला.

"म्हणजे तू मला फोन केलास, त्याच्या आधीच ठरलं होतं?"

तो पाना पुसत राहिला.

मी घरात गेले. "आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"तुले आधी सांगतू, तं तू हात लावती का गाडीले?"

मी पुन्हा बाहेर आले.

गाडी न्यायला ड्रायव्हर आला. थोडी चालली की नवं रबर दबतं, बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, ते मी त्याला दाखवलं. माणसांचा राग कामावर कसा काढणार? भाऊ जेवायला थांब म्हणत होता. मी बस पकडली.

यंदा भाऊबीजेला गेले नाही. आबांना फोन करते, औषधं विचारते. भावाने फोन उचलला की म्हणते, "आबांना दे."