चढाले सात नंबर

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. नवऱ्याले नाही, सिहोऱ्याच्या माझ्या आईले तर नाहीच. तुमाले काहून सांगून राहिली, ते मलेच ठाऊक नाही. ऐकून घ्या बस.

वनिता माझी धाकटी जाऊ. साकोलीची. इतकी गोड, की तिले हाक मारताना सासूबाईचा आवाजच बदलायचा. आणि मले हाक मारताना? जाऊ द्या.

लग्नाआधी आम्ही दोघीही सायकलनं शाळेत जायचो. लग्न झालं, आणि दोघींचीही सायकल सुटली. मग एक दिवस दिरानं वनितासाठी लेडीज गिअर सायकल आणली. मागं सात गिअर. वरठीच्या रेल्वेपुलापल्याड शिवणकामाच्या कारखान्यात तिले काम भेटत होतं. वेळेवर पोहोचत असशील तरच काम धर, असं दीर म्हणाला होता. तिची पहिली कमाई होणार होती ना — दिवसातून चारदा सीट पुसायची, उगाच घंटी वाजवायची.

आणि मी जळत होती. खरं सांगते. माझ्या नवऱ्यानं इतक्या वर्षांत मले नुसती घंटीसुद्धा आणून दिली नाही. तिलेच काहून सगळं?

दुपारी ती झोपली की मी तिची सायकल काढायची. पायांची सवय तर कधीचीच सुटलेली — पहिल्याच दिवशी मांड्या थरथरल्या, अर्ध्या पुलावर उतरावं लागलं. मले वाटलं होतं, गिअरचं पंख्याच्या रेग्युलेटरसारखंच असल — मोठा नंबर, मोठा जोर. अजी, उलटं असते ते! एक नंबर सगळ्यात हलका. चढ लागायच्या आधी, सपाटीवरच तो लावून घ्यायचा. मग जोर नाही करायचा, पाय हलके-हलके भराभर फिरवत राहायचे. हे माझं मलेच समजलं, आणि त्या दिवशी मी एका दमात पूल चढली. इतका आनंद झाला! पण सांगू कोणाले? सायकल तर चोरून नेलेली.

कामावर जायच्या आदल्या दिवशी वनिता माझ्याजवळ आली. नवऱ्याले विचारलं तर तो हसल, म्हणून मलेच विचारलं तिनं.

"ताई, पुलावर मोठा नंबरच लावू ना? सात?"

किती सोपं होतं! नाही व, एक लाव — इतकंच तर म्हणायचं होतं. माझ्या तोंडातून काय निघालं?

"हो. सातच. अन् मधात बदलवू नको, चेन तुटते."

हे चेनचं मले कोणी विचारलं होतं? कोणीच नाही. ते मी माझ्या मनानं जोडलं, तिनं दुसरा नंबर लावूनसुद्धा पाहू नये म्हणून.

रोज ती सातवर चढायले जायची आणि अर्ध्यात उतरून सायकल लोटत, घामाघूम, उशिरा पोहोचायची. गुडघे सुजले. संध्याकाळी मीच तेल चोळून दिलं — ह्याच हातांनी. तेव्हा तरी सांगता आलं असतं, नाही? नुसतं तेल चोळत राहिली. महिना भरायच्या आधीच तिचं काम सुटलं. दीर हसला, "तुह्याच्यानं नाही होत." ती सायकल भिंतीले लावून आत गेली.

ते काम मग मी धरलं. तिच्याच सायकलवर.

आता रोज सकाळी वनिता माझा डबा भरते. चाकात हवा आहे का, ते अंगठ्यानं दाबून पाहते. स्वतः मात्र त्या सायकलवर पुन्हा बसली नाही. नळावरच्या बायांले सांगते, "आमच्या ताईच्या पायात लय जीव आहे व. माझेच पाय कच्चे."

तिचे पाय कच्चे नव्हते. मले माहीत होतं.

आज सकाळीही तिनं डबा दिला. मी घेतला, पुलाच्या अलीकडं एक नंबर लावला, आणि चढून गेली.