आबांचा श्री आणि माझा कंपायलर

कागलच्या एमआयडीसीत शेतपंपांचे स्टार्टर बनवणारा एक कारखाना आहे. स्टार्टरच्या पोटातल्या चिपमध्ये जो प्रोग्रॅम चालतो, तो लिहायला त्यांना माणूस हवं होतं. मालकांनी माझ्या हातात एक सर्किट ठेवलं आणि सांगितलं, घरच्या कॉम्प्युटरवर सगळी जुळणी करा, आमचा प्रोग्रॅम यात चढवा, यावरचा बारका दिवा लुकलुकला की शनिवारी दाखवायला या, नोकरी तुमची. म्हणजे कॉम्प्युटर माझा, वीज माझी आणि परीक्षा यांची. तरी मी खूश होते, कारण आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, डोक्यात मलकापूरचं स्थळ घट्ट बसलं होतं आणि त्या लोकांना नोकरी करणारी सून नको होती. आबांनी मला शब्द दिला होता. शनिवारपर्यंत नोकरी मिळाली, तर मलकापूरला नाही म्हणून कळवतो.

झालं, बसले. लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा भाषेत करून देणारा कंपायलर उतरवून घेतला, सर्किटला जोडायच्या केबलचा ड्रायव्हर टाकला, बटण दाबलं. फाइल सापडत नाही म्हणे. समोर ढळढळीत दिसतेय की! सगळं काढलं, परत टाकलं. तेच. मुडदा बशिवला त्या केबलचा, म्हणून केबल बदलली. ती बिचारी चांगलीच होती. रोज संध्याकाळी आबा दारात येऊन विचारायचे, लागला का दिवा, आणि मी नाही म्हणून मान हलवायची. मला वाटायचं, काळजीनं विचारतायत.

शुक्रवारी दुपारी त्या एररमधला फाइलचा लांबलचक पत्ता नीट वाचला. मधेच नुसते चौकोन. तिथं काय असायला हवं ते आठवलं आणि कपाळावर हात मारला. कॉम्प्युटर घरी आणला तेव्हा हळद-कुंकू वाहून झाल्यावर, नव्या वस्तूवर आधी 'श्री' पाहिजेच, म्हणून आबा अडून बसले होते. कुठं लिहायचा? तर वापरणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात, मराठीत, स्वतःच्या बोटानं. त्याच नावाचं फोल्डर झालं आणि मी सगळं त्यातच ओतत बसले होते. या कंपायलरला इंग्रजी सोडून दुसरं अक्षर कळत नव्हतं. साध्या इंग्रजी नावाचं फोल्डर केलं, सगळं तिकडं हलवलं, बटण दाबलं. दिवा लुकलुकायला लागला. मी आबांना हाताला धरून आत आणलं.

ते दिव्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सकाळीच मलकापूरला व्हय म्हणून कळवलं. रोज बघतोय, तुला काय जमंना झालतं."

"आज शुक्रवार हाय, आबा. तुमी शनिवारपर्यंत थांबणार होता."

"व्हय. पर आता त्यांस्नी शब्द गेला की."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "आणि मला दिल्याला?"

आबा चपला घालत होते. वर न बघताच म्हणाले, "तू काय, घरचीच हायस की."