घराण्याची शिंक

आमच्या घरात शिंकेचं कौतुक व्हायचं. आजोबा सकाळी उठले की लागोपाठ शिंकत, मग बाबा, मग काका, आणि शेवटी मी. पाहुणा असला तर आजोबा नाक पुसत त्याला सांगत, "आमच्या घराण्याची शिंक आहे ही. माझ्या वडिलांची थेट अशीच होती." कुणाच्या घराण्यात गोड गळा असतो, कुणाच्या घराण्यात उंची असते. आमच्या वाट्याला वाहतं नाक आलं होतं आणि आम्ही निर्लज्जपणे ते मिरवत होतो.

धंदा आमचा बिछायतीचा. समारंभांना गाद्या, उशा, रजया, गालिचे, पडदे भाड्याने द्यायचे. फार वर्षांपूर्वी बाहेरच्या गोदामात ओल शिरली आणि आजोबांचा सगळा माल कुजून गेला. तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं होतं की माल आपण झोपतो तिथेच झोपणार. समारंभाहून परत आलेल्या गाद्या आधी मधल्या खोलीत यायच्या, घरच्या उबेत चार दिवस पडून राहायच्या आणि मग थप्पीला लागायच्या. पलंगांखाली गालिचे, कपाटांवर पडदे, भिंतीला लागून छतापर्यंत रजया. मालाला दमट हवा लागू नये म्हणून खिडक्या बारा महिने बंद, आणि फटींत चिंध्या कोंबलेल्या. मी खोकत खोकत मोठी होत होते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

अशा घरात काकू लग्न होऊन आली. गल्लीच्या टोकाला बस स्टँड होता, तिथे ती माईकवरून गाड्या पुकारायची. नोकरी तिने लग्नाआधीच मिळवलेली. लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती, माईक सोडणार नाही. आजोबा हो म्हणाले. वर्षभरात हौस फिटेल असा त्यांचा हिशोब असणार.

हौस फिटली नाही, पण वर्ष सरता सरता काकू शिंकायला लागली. आधी घरात, मग माईकवर. एकदा ऐन गर्दीच्या वेळी फलाटाचा आकडा शिंकेत बुडाला आणि अर्ध्या बसभर माणसं चुकीच्या गाडीत बसून भलत्याच गावाला पोहोचली. स्टँडवर हशा पिकला. चुकलेले लोक मात्र हसले नाहीत, त्यांनी तक्रार केली. स्टँडप्रमुखांनी काकूला बोलावून सांगितलं, "बाई, तुमचा आवाज चांगला आहे, पण तो पुरता ऐकू आला पाहिजे. महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर तुम्ही पार्सलच्या खिडकीवर बसा, माईकवर दुसरं कुणी येईल."

ती घरी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. रडून नव्हे, चोळून चोळून. आजीने प्रेमाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे गं. आता तू खरी आमची झालीस." आणि पांघरायला आणखी एक रजई दिली. समारंभाहून त्याच दिवशी परत आलेली.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. काकूने घास खाली ठेवला.

"मामंजी, एक विचारू? मी काही या घरात जन्मले नाही. माझ्या माहेरी कुणी शिंकत नाही. मग तुमच्या घराण्याची शिंक मला कुठून आली?"

आजोबा म्हणाले, "लग्न झालं की सगळंच येतं."

"आडनाव येतं," काकू म्हणाली. "शिंक येत नाही."

बाबांनी ताटात मान घातली. माझ्या आईला ठसका लागला, तो खरा होता की हसू दाबलेलं होतं, हे तिने मला अजून सांगितलेलं नाही. मला मात्र एकदम काहीतरी लख्ख दिसलं. आजीसुद्धा शिंकायची. आईसुद्धा. दोघीही बाहेरून आलेल्या. इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आली नव्हती, कारण सगळी डोकी सर्दीने भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी काकू डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टरांनी सांगितलं की जुन्या गाद्यांतली धूळ, तिच्यात वाढणारे डोळ्यांना न दिसणारे किडे आणि कोंदट खोलीतली बुरशी, यांची तिला ॲलर्जी आहे. खोली मोकळी करा, खिडक्या उघडा, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा. तिने घरात हे सांगितलं तेव्हा आजोबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "माल घराबाहेर जाणार नाही."

काकूने वाद घातला नाही. तिने आपल्या खोलीतल्या रजया उचलल्या आणि दारात नेऊन ठेवल्या. आजोबांनी त्या हमालांकरवी परत आत लावल्या. तिने पुन्हा बाहेर काढल्या. त्यांनी पुन्हा आत लावल्या. दोन दिवस हा खेळ चालला, हमाल मात्र वैतागले. तिसऱ्या दिवशी काकूने लोखंडी खाट गच्चीवर चढवली, धुतलेली चादर घातली, माहेरची शाल घेतली आणि जाहीर केलं की ती आता वर झोपणार.

आजोबा भडकले. "सून गच्चीवर झोपते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"कुणी विचारलं तर मला सांगा, मी माईकवरून खुलासा करते," काकू म्हणाली.

ती हे करू शकते याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती, म्हणून तो विषय तिथेच मिटला. आठवड्याभरात तिच्या शिंका कमी झाल्या. महिना संपला तेव्हा स्टँडप्रमुखांनी पार्सलच्या खिडकीचं नाव काढलं नाही. पण काकूला ठाऊक होतं की ही सोय थंडी पडेपर्यंतच आहे. आजोबांनाही ठाऊक होतं. ते थंडीची वाट बघत होते.

मधल्या काळात काकाने वर खाट नेली. मग एका सकाळी, मी खोकून खोकून निळी पडले होते तेव्हा, माझी आई उठली. थोरली सून म्हणून ती आजवर आजोबांसमोर वर तोंड करून बोलली नव्हती. तिने माझं अंथरूण गुंडाळलं, आजोबांच्या समोरून जिना चढली आणि जाताना म्हणाली, "पोरगी वर झोपेल." तिच्या जन्मातलं ते पहिलं बंड, आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

थंडी पडली. काकू शाल आणि चादर घेऊन खाली आली आणि मधल्या खोलीत उभी राहिली.

"मामंजी, आजपासून मी खाली झोपणार. माल कुठे झोपणार ते तुम्ही ठरवा."

मग तिने फटींतल्या चिंध्या उपसल्या आणि एकेक खिडकी उघडली. बिजागऱ्या गंजल्या होत्या, तिने खांदा लावला. उन्हाचा झोत आत आला आणि त्यात जी धूळ उडताना दिसली ती बघून आजीने पदर नाकाला लावला.

"लावा त्या खिडक्या," आजोबा म्हणाले.

कुणी हललं नाही. बाबा नाही, काका नाही, आजीही नाही. शेवटी ते स्वतः उठले. खिडकीपर्यंत पोहोचायला त्यांना रजयांची थप्पी बाजूला सारावी लागली, आणि ती सारताच त्यांना शिंका सुरू झाल्या. थांबेनात. श्वास लागला, छाती शिट्टी वाजवायला लागली, ते तिथेच गादीवर बसले. काकूने त्यांना धरून मोकळ्या खिडकीशी आणलं, पाणी दिलं, पाठ चोळली. खिडकी लावली नाही.

दम परत आला तसे ते पुटपुटले, "आमच्या घराण्याची..."

"घराण्याला दुसरं काहीतरी द्या, मामंजी," काकू म्हणाली. "ही पोरगी धड श्वास घेऊ शकत नाही."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

दोन दिवसांनी सकाळीच टेम्पो आला. काकाने पलीकडच्या गल्लीत पत्र्याची शेड शोधून तिथे उंच फळ्या ठोकून घेतल्या होत्या, ओल लागू नये म्हणून. आजोबा रस्त्यात उभे राहून शेजाऱ्यांना सांगत होते, "घरात उंदीर फार झालेत हो, म्हणून हलवतोय."

काकू ड्युटीला निघाली होती. पर्स खांद्याला लावत ती त्यांच्या शेजारून गेली. "उंदीर शिंकत नाहीत, मामंजी," म्हणाली आणि चालती झाली.

माल गेल्यावर मधली खोली केवढी मोठी निघाली. आजोबा रिकाम्या फरशीवर उगीच फेऱ्या मारत होते. तेवढ्यात उघड्या खिडकीतून स्टँडवरचा आवाज आला. कुठली गाडी, कुठल्या गावची, कुठल्या फलाटावर, सगळं स्वच्छ, एकही अक्षर न तुटता. आजोबा थबकले. एक गाडी झाली, दुसरी झाली, ते हलले नाहीत. स्टँड गल्लीच्या टोकाला, सून आमच्या घरातली, आणि इतक्या दिवसांत त्यांनी तिला माईकवर एकदाही लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

"आवाज चांगला आहे हिचा," ते शेवटी म्हणाले.

दुपारी काकू आल्यावर मी धावत जाऊन तिला हे सांगितलं. ती चपला काढत होती. तिने मान वर केली नाही, पण आजोबांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाली, "उद्या सहापासून ड्युटी आहे म्हणावं. ऐकायचं असेल तर खिडकी लावू नका."