व्हायोलिनची पहिली खुर्ची

सावधान! एका अत्यंत गंभीर गुन्ह्याची कबुली आता देण्यात येत आहे. हातातला चहा कृपया खाली ठेवावा.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही.

तशी मी बरी बाई आहे हो. परदेशात, टाकानिनी नावाच्या उपनगरात राहते, फार्मसीत काम करते, म्हाताऱ्यांना गोळ्या नीट समजावून देते. पण सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत — इथे दक्षिण गोलार्धात तेव्हा ऐन उन्हाळा — माझी बारा वर्षांची इरा आठवडाभराच्या व्हायोलिन शिबिराला गेली. आणि मदतनीस पालक म्हणून, दुर्दैवाने, मीही.

पहिल्या दिवशी तिथे शिक्षक एकेका मुलाचं वाजवणं ऐकतात आणि खुर्च्या ठरवतात. पहिल्या खुर्चीवरचं मूल मान हलवून इशारा करतं, मग मागची सगळी सुरू होतात. हे मला ठाऊक होतं का? छे! मला वाटलं, पहिली खुर्ची म्हणजे वर्गातला पहिला बाक. नाटकाला रुमाल टाकून जागा धरणाऱ्या घरातली मी!

माझं काम काय, तर खुर्च्या मांडायच्या आणि नावांच्या चिठ्ठ्या नोटेशनच्या स्टँडांना चिकटवायच्या. यादीत पहिली हाना. इरा — शेवटची. शेवटची! हॉलमध्ये चिटपाखरू नाही, हातात दोन चिठ्ठ्या... हात आपोआप गेला, असं म्हणू? नाही. मी चांगली चालत गेले, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि परत आले.

हाना आली. पहिल्या स्टँडवरचं नाव तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली. तेव्हा तोंड उघडता आलं असतं ना मला? उघडलं की — सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून आणलेली बाकरवडी खायला. शिक्षकांना वाटलं, दुसऱ्या शिक्षकाने बदल केला असेल. 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे 'छान, चालेल', म्हणाले आणि मोकळे झाले.

इरा रोज गाडीत म्हणायची, "आई, आय हेट इट. कधी स्टार्ट करायचं तेच कळत नाही."

"होईल गं सवय," मी म्हणायचे. सवय! मला तरी झाली होती का?

शेवटच्या दिवशी कार्यक्रम. हॉल खच्चून भरलेला, जँडल्समधले, म्हणजे रबरी चपलांतले, आईबाप पत्रिकांनी वारा घेतायत. वाद्यवृंदाच्या संचालकांनी हात उचलला, आणि इराने मान हलवली. फार लवकर. निम्मी मुलं तिच्यामागून निघाली, निम्मी थांबली. मांडणीवरून भांडी कोसळावीत तसा आवाज झाला. संचालकांनी सगळं थांबवलं.

त्या शांततेत माझी लेक, जी आजीशी फोनवरसुद्धा इंग्रजीत बोलते, उभी राहिली आणि माझ्याकडे बघून चक्क मराठीत ओरडली.

सगळा हॉल वळला. माझ्या शेजारी हानाची आई. "इज शी ओके? काय म्हणाली ती?" तिने इंग्रजीत विचारलं. त्या हॉलमध्ये मराठी कळणारी मी एकटीच होते.

"पाणी मागतेय," मी म्हटलं.

आणि ती भली बाई — हानाची आई — स्वतःची बाटली घेऊन स्टेजकडे धावली.

इरा पाणी मागत नव्हती. ती ओरडली होती, "आई, चिठ्ठ्या तूच बदलल्यास ना? मग आता तूच ये वाजवायला!"