नारळावरचा आळ

मी एकदा टेबलावर चढून नाचलो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सांगितलं असतं तरी तिचा विश्वास बसला नसता. आमच्या लग्नाच्या वरातीत सगळे नाचत होते तेव्हा मी, म्हणजे खुद्द नवरदेव, मित्रांची पाकिटं आणि चष्मे सांभाळत कडेला उभा होतो, हे ती अजून लोकांना सांगत असते.

टेबल सरकारी होतं. भानगड तिथूनच सुरू होते.

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची कॉलनी. नोकरी सरकारी, क्वार्टर सरकारी आणि क्वार्टरमधलं फर्निचरही सरकारी. कुणाला काय द्यायचं ते ग्रेडवर ठरलेलं. आमच्या ग्रेडला लोखंडी खाटा, एक कपाट, चार खुर्च्या, एक लिहायचं टेबल. त्यावरच्या ग्रेडला जेवणाचं टेबल. म्हणजे कुणी मांडी घालून जेवायचं आणि कुणी पाय सोडून, हे सरकारनं ठरवून टाकलेलं. माझी ग्रेड बरीच वर्षं मांडीची होती. वरच्या ग्रेडमधल्या कुणाकडे जेवायला गेलो की मी टेबलाच्या कडेवरून हळूच हात फिरवायचो. लोकांना वाटायचं, खरकटं पुसतोय.

मग बढती मिळाली. क्वार्टर बदललं आणि एका सकाळी हातगाडीवरून सागवानी, सहा माणसांचं टेबल आलं. पोटावर पिवळ्या रंगात नंबर. बायकोनं त्या दिवशी पोहेसुद्धा टेबलावर वाढले, चहा टेबलावर, औषधाची गोळी टेबलावर. मुलं अभ्यासाला बसली ती जेवायलाच उठली, म्हणजे उठलीच नाहीत.

त्या मे महिन्यात बायको मुलांना घेऊन पालघरला माहेरी गेली होती. मी एकटा. पंख्यावर इतकी धूळ की तो वारा घालतोय की नुसता विचार करतोय ते कळेना. शिडी वॉचमनकडे, वॉचमन सुट्टीवर. मी फडकं घेऊन टेबलावर चढलो. एक पातं पुसलं, दुसरं पुसलं, आणि बाहेर बँजो वाजायला लागला. शेजारच्या पाड्यात हळद होती. बँजो पार्टी म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. तो आवाज कानातून आत येतच नाही, थेट तळपायातून चढतो.

आधी अंगठा हलला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मग टाच. मग मी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि परत टेबलावर चढलो. हे परत चढणं महत्त्वाचं आहे. पहिल्यांदा मी पंख्यासाठी चढलो होतो. दुसऱ्यांदा कशासाठी, ते मला पक्कं माहीत होतं. फडकं डोक्यावर फिरवत, कंबर हलवत, चेहरा अगदी गंभीर ठेवून (सवयच ती) मी नाचलो. बढतीसाठी नाचलो, टेबलासाठी नाचलो, वरातीत नाचलो नव्हतो त्यासाठीही नाचलो. इतका आनंद मला पुन्हा झालेला नाही.

मग पायाखाली ‘कट्ट’ झालं.

टेबल पडलं नाही. नुसतं एका बाजूला कललं, लंगड्या म्हशीसारखं. एक पाय सांध्यात फाटला होता.

आता नियम असा, की जुनं होऊन मोडलं तर सरकार सोसतं, पण हयगयीनं मोडलं तर मेमो. बढतीचं पहिलं वर्ष, आणि टेबल येऊन जेमतेम काही आठवडे झालेले. शिवाय कारण काय लिहू? ‘नाचताना’? मी गोंद भरला, सुतळी आवळली, रात्रभर वरवंटा ठेवला. सकाळी टेबल उभं राहिलं, पण हात ठेवला की डुगडुगायचं.

आमच्या समोरच्या दारी साताऱ्याकडचं एक जोडपं राहायचं. आम्ही त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणायचो. भाऊ म्हणजे उभ्या नोकरीत एक शेरा न लागलेला माणूस; पेन खाली पडलं तरी आधी त्याचा नंबर बघणारे. वहिनी मोकळ्या, हसऱ्या, हात सढळ. दोघं मेमध्ये गावी गेली होती आणि तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली होती. त्यांच्या घरात अगदी तसंच टेबल होतं.

पुढचं सांगायला लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर हसूही येतं. दुपारी सगळी बिल्डिंग घोरत असताना मी दोन्ही टेबलं आडवी करून, दारातून तिरकी काढून, जिन्यापुढच्या जागेत एकमेकांना ओलांडून नेली. मध्येच दोन्ही अडकली आणि त्यांच्यामध्ये मी. खालून दूधवाला चढला असता तर त्याला माझं फक्त डोकं दिसलं असतं. आमच्या टेबलाचा नंबर 3 ने संपत होता, त्यांच्याचा 8 ने. तिनाचा आठ करायला रंग लागतो, आठाचा तीन करायला ब्लेड. दोन्ही केलं. मग तुळशीला पाणी घातलं. जरा जास्तच घातलं.

जूनमध्ये भाऊ-वहिनी आले. लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली आणि टेबल डुललं. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. धावत आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, “काय सांगू बाई, गावाला जायच्या दिवशी मी टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. दोनदा आपटला. मोडला वाटतं पाय!”

मी तिथंच बसलो होतो. माझ्याच घरात, त्यांच्याच टेबलाशी. तोंड उघडलं, आणि त्यात चहा ओतला.

त्या वर्षीच्या फर्निचर तपासणीला वहिनींनी पायाखाली नारळाची करवंटी सरकवली. कशी कुणास ठाऊक, पण अशी बसवली की टेबल जागचं हललं नाही. मात्र तेव्हापासून त्या घरात नारळ हा शब्द शिवीसारखा झाला. वहिनींनी दार जरा जोरात लावलं की आतून भाऊ, “हळू गं, दार आहे, नारळ नाही.” पाहुण्यांसमोर, “बसा, बसा, पण टेकू नका. आमच्याकडं नारळ फुटलाय.” वहिनी हसायच्या. आधी खरं हसायच्या, मग नुसत्या हसायच्या. पोळ्या टेबलावर लाटायच्या त्या खाली बसून लाटायला लागल्या. गाणं म्हणत काम करायच्या, ते कधी थांबलं ते मला आठवत नाही. पण थांबलं ते मी समोरच्या घरातून ऐकलं.

सांगायचं ठरवून मी अनेकदा त्यांच्या दारात गेलो. प्रत्येक वेळी साखर मागून परत आलो. बायको म्हणायची, “आपल्याकडे साखरेचे डबे भरून वाहतायत. तुम्हाला झालंय काय?”

अशी वर्षं गेली, आणि मग बिल्डिंगच्या ग्रुपवर परिपत्रक आलं. यापुढे क्वार्टरला फर्निचर मिळणार नाही, ज्याचं त्यानं आणावं. असलेलं सगळं अमुक दिवशी मैदानात वापरण्याजोग्या स्थितीत जमा करावं. भाऊ त्याच महिन्यात निवृत्त होणार होते.

कॉलनीत जी धांदल उडाली ती काय वर्णावी! सरकारी वस्तू घरात असतात ही फक्त सरकारची समजूत. केळव्याहून भरून टेम्पो आला. तिथं कुणाच्या तरी मेव्हण्याच्या घरगुती लॉजवर सरकारी खाटांवर मुंबईचे पाहुणे झोपत होते. खाटांमधून वाळू गळत होती. टेम्पोवाला ओरडत होता, “साब, ये खटिया किसका है? इसमें शंख निकला!” एका कपाटात कोंबड्या राहून गेल्याचं स्पष्ट दिसत होतं. आणि गेटवर बसणाऱ्या सातपाटीच्या मासेवाल्या मावशींना तळमजल्यावरच्या गृहस्थांनी, ताजं पापलेट मिळावं म्हणून, खुर्ची देऊन ठेवली होती. ते ती परत न्यायला आले.

“मावशी, उठा. खुर्ची जमा करायचीय.”

“इतकी वर्सं बसले, तवा सरकारला माजी आठवन नाय झाली? ने बाबा. पन धुवून दे, नायतर तुजा साहेब सुंगून बोंबील मागंल.”

“खाली नंबर आहे बघा, सरकारी आहे ती.”

“नंबर खुर्चीवर हाय ना? माज्यावर नाय ना उठला?” असं म्हणून मावशी साडी झटकून मागं वळून बघायला लागल्या, तशी सगळी रांग हसून लोळली.

मी हसत होतो, पण खिशात ब्लेड होतं. दोन दिवस मी भलत्याच उत्साहात होतो. टेबल परत फिरवायची ही शेवटची संधी, आणि भाऊंना हयगयीचा शेरा लागू द्यायचा नाही, हे ठरलेलं होतं. आमच्या घरातल्या चांगल्या टेबलाच्या तिनाचा मी आदल्या दिवशीच पुन्हा आठ करून ठेवला होता. आता भाऊंचं टेबल खाली उतरवायला मीच खांदा दिला. भाऊ म्हणाले, “शेजारी असावा तर असा.” पायरी चुकून मी जवळजवळ गडगडलोच.

मैदानात टेबलांची रांग लागली. मी लंगड्या टेबलाखाली शिरलो आणि आठाचा तीन करायला लागलो. अर्धा झाला असेल, तोच टेबलाखाली वहिनींचं डोकं आलं.

“भावोजी, काय करताय?”

“जळमट काढतोय.”

“आमच्या टेबलाला जळमट? कालच पुसलंय मी!” त्या दुखावल्या. “अन् हसताय काय एवढं?”

मला खरंच हसू आवरत नव्हतं. भीतीनं येतं तसलं. त्या गेल्यावर मी तीन पुरा केला आणि दोन्ही टेबलांच्या जागा बदलून टाकल्या.

तपासणीचे साहेब आले. त्यांची एकच पद्धत: दोन्ही हात टेबलावर टेकायचे आणि अंगाचा भार टाकायचा. भाऊंच्या नंबरापाशी आले तेव्हा भाऊ ताठ उभे होते, शाळेत निकाल ऐकताना मुलं उभी राहतात तसे. वहिनींच्या पदराखाली करवंटी होती. साहेबांनी भार टाकला. टेबल हललंच नाही.

“उत्तम,” साहेब म्हणाले आणि पुढं गेले.

“अवो,” वहिनी कुजबुजल्या, “हे डुगडुगत कसं न्हाई?”

भाऊंनी टेबलाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. “मैदानाला उतार आहे,” ते म्हणाले. “वाकड्या टेबलाला वाकडी जमीन मिळाली. पण तू मोडलंस ते मोडलंसच.”

पुढचं टेबल माझं. माझा हात लागला तसं ते डुललं, आणि वहिनींनी ते पाहिलं. मी ठरवलं होतं, शेरा घ्यायचा, आणि साहेबांनी कारण विचारलं की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं: नाचलो. वाक्य तोंडात तयार होतं. साहेब फोनवर बोलायला क्षणभर वळले, आणि वहिनी चटकन वाकल्या. पाय कुठला, फट कुठली, काही न विचारता त्यांनी करवंटी जागच्या जागी सरकवली. इतक्या वर्षांचा हात. माझ्या बायकोच्या कानात म्हणाल्या, “तुमच्याही टेबलाचं तेच दिसतंय गं. आमच्या नारळाचा शाप समोरच्या दारीबी लागला वाटतं.”

साहेबांनी भार टाकला. “उत्तम.”

मी तोंड उघडलं. वहिनींनी डोळ्यांनीच दटावलं: गप्प राहा. आणि मी राहिलो. एवढी आज्ञा मी आयुष्यात कुणाची पाळलेली नाही.

संध्याकाळी सगळी कॉलनी रिकाम्या घरांत जमिनीवर बसून जेवली. साहेबांपासून शिपायापर्यंत, पहिल्यांदाच सगळ्यांची एकच मांडी. हसून हसून जेवण झालं. बायको म्हणाली, “तुम्ही आज भलतेच खुशीत.” होतो. भाऊंची नोकरी बिनडागाची संपली होती. मला वाटलं, सुटलो.

भाऊ-वहिनी आता गावी असतात. परवा वहिनींचा फोन आला. गुडघे गेलेत, डॉक्टरांनी खाली बसू नका म्हणून सांगितलंय. मुलगा टेबल आणून देत होता, तर वहिनींनीच नको म्हटलं. “आमच्या हाताला टेबल लाभत न्हाई भावोजी. एक मोडलं तेवढं बास.” मागून भाऊंचा आवाज आला, “नारळ!” आणि त्या हसल्या. नुसत्या हसल्या.

मी म्हटलं, “हं. बाकी पाऊसपाणी काय म्हणतंय?”

वहिनी त्या दुखऱ्या गुडघ्यांनी अजून जमिनीवर बसून जेवतात. टेबल मी मोडलं, तुमच्या नारळानं नाही, एवढं एक वाक्य मी त्यांना देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.