सगळी घरं एकाच गोतातली

माझे मिस्टर उन्हाळ्यात गेले. भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या आधी मी नेहमीसारखी विचारायला गेली, यंदा पुरण किती घालायचं. इथे हिंदी मुलखात आपल्या मराठी लोकांकडेच मी स्वयंपाक करत होती. सगळ्यात जुन्या घरच्या वहिनी दारातच उभ्या राहिल्या.

"बाई, यंदा तुम्ही आराम करा."

"आराम करून काय करू?"

त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. "मी नाही हो मानत. पण सासूबाई आहेत ना. देवीच्या नैवेद्याला सवाष्णच लागते."

मी परत आली. पण महालक्ष्म्यांना जी दुसरी बाई आली, तिलाच मग त्यांनी रोजच्या पोळ्या दिल्या. पुढे वहिनींच्या नणंदेकडेही तीच, नणंदेच्या जावेकडेही तीच. पितृपक्ष लागेपर्यंत माझ्याकडे एक घर उरलं नाही.

सिहोऱ्याहून भावाचा फोन आला. "चल इकडे. एक खाट टाकून देऊ."

मागून भावजय म्हणाली, "कुठे टाकणार, ते पण सांगा जी!"

मला सगळं ऐकू आलं. खोलीचं भाडं थकलं की तीच खाट, दुसरं काय. म्हातारपणी कोणाच्या घरात पाय आखडून झोपायचं नव्हतं मला.

तोवर मी कधी बसून विचारच केला नव्हता. काम आलं की करायचं, बस. सदरच्या छावणीतल्या फौजी घरांतून बोलावणं यायचं, तर म्हणायची, आपली माणसं सोडून परक्यात काहून जाऊ? एका घरानं दुसरं सांगितलं, दुसऱ्यानं तिसरं, त्याचंच मला कौतुक. सगळी घरं एकाच गोतातली. एक दार लागलं की सगळी लागणार, हे दिसत होतं, मी पाहिलं नाही.

मग सदरला गेली. तिथल्या एका फौजी घरच्या दीदीनं एवढंच विचारलं, "आंटी, रोटी पतली बनाती हो न?" कपाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसरं घर विजय नगरात धरलं, बँकेतल्या मॅडमचं. त्या पुण्याहून नव्या आलेल्या, इथे कोणाला ओळखत नव्हत्या. मला तेच पाहिजे होतं. ह्या घराची त्या घराला ओळख नको. चालून चालून गुडघे गेले, पण भावाला सांगितलं, खाट राहू दे.

थंडीत वहिनींचा फोन आला. "ती बाई टिकली नाही हो. तुम्ही या पोळ्यांना. महालक्ष्म्यांचं तेवढं पाहू आम्ही."

येते म्हणणार होती. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांच्यासाठी सदरचं घर सोडावं लागलं असतं, आणि पुढच्या भादव्यात त्यांनी परत सवाष्ण आणली असती.

"नाही जमणार, वहिनी."

"भाव खाऊन राहिल्या काय आता?"

"भाव कशाचा, वेळच नाही."

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशी मी सदरला आलूचे पराठे लाटत होती. खोलीवर येऊन खिचडी टाकली.

फौजी माणसाची बदली होते, हे मी धरूनच होती. दीदीचं सामान ट्रकमध्ये चढून राहिलं होतं तेव्हा ती गळ्यात पडून रडली. "आंटी, हमारे साथ चलो." तिची लहानी माझा पदर सोडत नव्हती. मी वाटेसाठी पराठे बांधून दिले. मागच्या लाइनीतल्या घरी मी आधीच बोलून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवसापासून तिथे लागली.

तिथेही एक लहान मुलगी आहे. तिचं नाव मी विचारलं नाही.